छावणीतल्या हॉटेलात पाच दिवस

मोठ्या हॉटेलात मी आयुष्यात एकदाच राहिले. तेव्हा मला बारावं सरून तेरावं लागलं होतं, आणि मला तिथे कशासाठी नेलं आहे हे माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. आता माझी नातवंडं थंड हवेच्या ठिकाणी जातात, हॉटेलात उतरतात आणि परत आल्यावर खोलीचं वर्णन करतात. गालिचा कसा होता, गाद्या किती मऊ, नळ सोडला की गरम पाणी. "आजी, तू कधी राहिलीस का गं अशा हॉटेलात?" असं विचारतात. मी हो म्हणते. त्यांना ती थट्टा वाटते, ती हसतात आणि विषय तिथेच संपतो. इतकी वर्षं मीही तो तिथेच संपू दिला.

काशीत आमचं बिऱ्हाड मंगलागौरीच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर होतं. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरात मिरचीची फोडणी पडली की ठसका आम्हाला लागायचा, आणि आमच्याकडे कोण रागावलं, कोण रुसलं हे समोरच्यांना आमच्याआधी कळायचं. पहाटे देवळातली घंटा, मग पंचगंगेच्या पायऱ्यांवरून ओल्या धोतरांनी वर येणाऱ्यांची स्तोत्रं, मग खाली ओसरीवर अण्णांच्या विद्यार्थ्यांचा एकसुरी पाठ. माझे वडील, अण्णा, न्यायशास्त्र शिकवत. धूर दिसला तर अग्नी आहे असं कधी म्हणावं आणि कधी म्हणू नये, यावर आमच्या ओसरीवर दिवसचे दिवस वाद चालत. मी ताक घुसळता घुसळता ते ऐकत असे. शब्द कळत नसत, पण कोण अडकला आणि कोण सुटला ते आवाजावरून कळे. घरी जेवण साधं, भात, आमटी, एखादी पालेभाजी. थंडीच्या दिवसांत मात्र अण्णा स्वतः चौकातून द्रोणात मलइयो आणत, दुधाचा तो केशरी फेस. पहिल्या घासाला तोंडात काहीच उरत नाही म्हणून दुसरा घ्यावा, आणि त्याचंही तेच. आई म्हणायची, "ह्याला खाणं म्हणत नाहीत. ही नुसती आशा आहे." आई नाशकाकडची. लग्नाला पंधरा वर्षं होऊनही तिला काशीचं खाणं आणि आम्हा मुलांची बोली पटली नव्हती. आम्ही घरात मराठीच बोलत असू, पण ती गल्लीतून धुऊन आलेली मराठी. 'मला वाटलं' ऐवजी 'मी सोचलं', 'लवकर' ऐवजी 'जल्दी'.

अण्णांकडे त्या काळी एक मडमबाई संस्कृत शिकायला येत. आठवड्यातून तीन दिवस. त्यांचा नोकर खुर्ची डोक्यावर घेऊन पुढे यायचा, ती ओसरीच्या कोपऱ्यात ठेवायचा, आणि बाई गेल्यावर आई त्या जागेवर पाणी टाकायची. बाई अण्णांना दक्षिणा म्हणून काय द्यावं ते विचारत. अण्णा घेईनात. तेव्हा त्यांनी मला अर्धा तास इंग्रजी शिकवायचं ठरलं. त्यांच्याकडे मोठ्या छापील अक्षरांचं चित्रांचं पुस्तक होतं. त्या वाचत, मी म्हणत असे, मग त्या माझ्याशी साध्यासाध्या गोष्टी बोलत. तीन वर्षांत माझा कान इतका तयार झाला की त्या नोकरावर रागावल्या तरी मला सगळं समजे. लिहायला मात्र त्यांनी कधी बसवलं नाही. मुलीला लिहिता येऊन काय करायचं, असं आईचंच म्हणणं होतं.

ह्या इंग्रजीची कीर्ती कुठून कशी पोचली कोण जाणे. एके दिवशी सकाळी दक्षिणेकडच्या एका लहानशा जहागिरीचे कारभारी आमच्या ओसरीवर आले. भाऊराव त्यांचं नाव. पन्नाशीचा गृहस्थ, अंगात लांब काळा कोट, डोक्याला पगडी, बोलणं अतिशय गोड. त्यांच्या आईसाहेब, म्हणजे जहागीरदारांच्या मातोश्री, चिरंजीव आणि सूनबाईंसह काशीयात्रेला आल्या होत्या. त्या छावणीत साहेबलोकांच्या मोठ्या हॉटेलात उतरल्या होत्या. हॉटेलात एरवी आपल्या माणसांना घेत नसत, पण जहागीरदारांनी वरून चिठ्ठी आणली होती, तेव्हा एक बाजूच त्यांना मोकळी करून दिली होती.

अण्णांनी विचारलं, "काशीत येऊन गंगेपासून इतक्या लांब?"

"शास्त्रीबुवा, घाटावर उतरलो असतो तर आईसाहेब कशासाठी आल्यात हे तिसऱ्या दिवशी सगळ्या दुर्गाघाटाला कळलं असतं," भाऊराव म्हणाले. "सूनबाईंना डॉक्टरीणबाईंना दाखवायचंय. बाई विलायती. त्यांच्यासमोर पुरुषमाणूस चालत नाही, आणि आमच्या बायकांना इंग्रजी येत नाही. आपल्या कन्येला चार-पाच दिवस द्या. मुलीसारखी राहील. सोवळ्याचा स्वयंपाक आमच्या ब्राह्मणाच्या हातचा."

मग त्यांनी दुसरं कामही सांगितलं. त्यांना काशीच्या तीन पंडितांची व्यवस्था हवी होती. एखाद्या प्रश्नावर पंडितांनी शास्त्र पाहून दिलेल्या लेखी निर्णयाला तेव्हा व्यवस्था म्हणत. प्रश्न एका ओळीचा होता. बायको वांझ असली तर नवऱ्याने दुसरी करावी की नाही? अण्णा म्हणाले, ह्यात पाहण्यासारखं काही नाही, वचनं प्रसिद्ध आहेत. भाऊराव म्हणाले, तरीही आपली सही हवी.

आई स्वयंपाकघराच्या दारामागून सगळं ऐकत होती. कारभारी गेल्यावर ती बाहेर आली. "ही दोन्ही कामं एकाच माणसाची आहेत, आणि एकाच बाईविषयी आहेत," ती म्हणाली. "आपल्या गोदीला ह्यात घालू नका."

"पोर चार शब्द सांगणार. तिचं काय जातंय?" अण्णा म्हणाले.  माझी दोन परकर-पोलकी, फणी आणि तिळाच्या वड्यांची पुरचुंडी आईने एका धोतराच्या फडक्यात बांधून दिली. ती गाठ तिने इतकी आवळली होती की हॉटेलात मला ती दातांनी सोडवावी लागली.

मैदागिनच्या चौकापर्यंत चालत, तिथून घोड्याच्या इक्क्याने छावणी. लहुराबीरचा चौक मागे पडला आणि रस्ता अचानक रुंद झाला, दोन्ही बाजूंना झाडं, माणूस दिसेना. हॉटेलच्या फाटकातून आत गेलो तर लाल खडीवर इक्क्याच्या चाकांचा जो चर्र आवाज झाला, तो, संध्याकाळचा बॅण्ड सोडला तर, मी तिथे ऐकलेला शेवटचा मोठा आवाज म्हणायला हरकत नाही. आत सगळीकडे गालिचे. माणूस चालतं आहे की नाही ते कळायचं नाही. पांढरे अंगरखे आणि रुंद पट्टे लावलेले खानसामे भिंतीतून निघाल्यासारखे समोर येत आणि परत भिंतीत गेल्यासारखे नाहीसे होत. आमच्या गल्लीत मी कधी कुणाच्या आवाजावाचून राहिले नव्हते. 

खोली आमच्या सबंध बिऱ्हाडाएवढी. पलंगाला स्प्रिंगा होत्या. बसले की खाली जायचे आणि पुन्हा वर यायचे. पडेन ह्या भीतीने मी सतरंजी टाकून खालीच झोपत असे. भिंतीला माणसाएवढा आरसा होता. तोवर मी स्वतःला हातातल्या आरशात तुकड्यातुकड्यांनीच पाहिलं होतं. आपले पाय इतके बारीक आहेत हे मला तिथे कळलं. न्हाणीत पांढरा मोठा टब होता, पण त्यात भिश्ती चामड्याच्या मशकीने पाणी भरायचा, म्हणून आईसाहेबांनी त्याला हात लावू दिला नाही. त्यांचं पाणी कावडीने गंगेवरून येई, आणि त्या शुभ्र टबाशेजारी फरशीवर तांब्याची घागर ठेवून आम्ही आंघोळ करत असू. मागे चिंचेखाली राहुटी ठोकून त्यांचा ब्राह्मण स्वयंपाक करी. वरण-भात, मेतकूट, तूप. घरच्यासारखंच. हॉटेलच्या रिवाजाप्रमाणे रोज सकाळी प्रत्येक खोलीत चहाचं तबक यायचं. लोणी फुलाच्या आकाराचं केलेलं असे. आईसाहेब ते उंबऱ्यावरूनच परत पाठवत. मी त्या लोण्याच्या फुलाकडे पाहत असे.

सूनबाईंना, म्हणजे वहिनीसाहेबांना, मी पहिल्यांदा पाहिलं ते ह्या तबकावरचं केळं उचलताना. आईसाहेब पूजेत होत्या. "सालीच्या आत असतं ना, त्याला काय विटाळ?" असं म्हणत त्यांनी अर्धं मोडून माझ्या हातावर ठेवलं. एकवीस-बावीस वर्षांच्या असतील. गोऱ्या, अंगाने बारीक, डोळ्यांखाली काळं. लग्नाला सात वर्षं झाली होती.

"मी सोचलं तुम्ही खूप बड्या असाल," मी म्हणाले.

त्या बघत राहिल्या. मग तोंडावर पदर दाबून हसू लागल्या. "तू मराठी बोलतेस की हिंदी गं?"

"मराठीच तर बोलते! हिंदी अलग असते."

त्याने त्यांना आणखी हसू आलं. हसताना त्यांचं लक्ष सारखं आईसाहेबांच्या दाराकडे होतं. पुढे तीन दिवस त्या मला मुद्दाम बोलतं करायच्या. आमची गल्ली, कचौडीवाला, घाटावर छत्रीखाली बसणारे गंगापुत्र भटजी, आईचं आणि समोरच्या काकूंचं भांडण, सगळं त्यांना ऐकायचं असे. काशीला येऊन आठवडा झाला होता आणि त्यांनी गंगा पाहिली नव्हती. "एकदा पंचगंगेवर बुडी मारायची आहे," त्या म्हणायच्या. आईसाहेबांना विचारलं की उत्तर ठरलेलं असे. "डॉक्टरीण होऊन जाऊ दे, मग सगळेच जाऊ."

त्यांचे पती दादासाहेब, म्हणजेच ते जहागीरदार, दिवसभर हॉटेलच्या हिरवळीवर असत. साहेबलोकांचा टेनिसचा खेळ पाहायचे, संध्याकाळी बॅण्ड वाजे तेव्हा खुर्ची टाकून बसायचे. माणूस वाईट नव्हता. मला एकदा त्यांनी चेंडू उचलून दिला आणि नाव विचारलं. पण आमच्या बाजूच्या व्हरांड्यात ते आले की वहिनीसाहेब उठून उभ्या राहत, आणि ते दोन वाक्यं बोलून परत जात. मला वाटतं, त्या दोघांना एकमेकांशी बोलायची सवयच कुणी लागू दिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या केसांना तेल लावता लावता वहिनीसाहेबांनी मला खरी गोष्ट सांगितली. त्यांचं माहेर सासरपेक्षा वजनदार. लग्नात त्यांच्या सासऱ्यांनी वडिलांना लेखी वचन दिलं होतं की मुलीवर सवत आणणार नाही, आणली तर मूल नसण्याचा दोष तिच्याच अंगी ठरला तरच. आता सासरेही नव्हते आणि वडीलही. भाऊ होता, पुण्याला कॉलेजात शिकून आलेला. त्याला दाखवायला डॉक्टरिणीचा कागद हवा होता आणि काशीच्या पंडितांची व्यवस्था. दुसरी मुलगी पाहूनही ठेवली होती.

"मग बाई काय म्हणतील ते तू नीट सांगशील ना?" त्यांनी विचारलं.

"नीटच सांगेन," मी म्हणाले. मला वाटत होतं, नीट सांगणं एवढीच अडचण आहे.

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. उंच, राखी झगा, केस करडे, हात स्वच्छ लाल. आईसाहेब पाठ ताठ करून खुर्चीत बसल्या होत्या, हातात जपमाळ. वहिनीसाहेबांना पडद्याआड नेलं. मला खिडकीकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं होतं. बाई पडद्यामागून प्रश्न विचारत होत्या. त्यांतले काही शब्द मला कळले नाहीत, आणि जे कळले ते आईसाहेबांसमोर कसे उच्चारावेत ते मला कळेना. मी खिडकीच्या गजाला धरून ते कसेबसे बोलले. मागून वहिनीसाहेब 'हो', 'नाही' म्हणत होत्या. बाहेर माळी हिरवळीवर पाणी मारत होता. मला अजून तो माळी डोळ्यांसमोर दिसतो, त्याच्या कानावर खोचलेली विडी दिसते, कारण त्या वेळी मी दुसरीकडे कुठेच पाहू शकत नव्हते.

बऱ्याच वेळाने बाई बाहेर आल्या, हात धुतले आणि माझ्याकडे वळून सावकाश, मला समजेल अशा बेताने म्हणाल्या, "देअर इज नथिंग राँग विथ हर. टेल द ओल्ड लेडी. द हजबंड मस्ट बी एक्झॅमिन्ड."

मी आईसाहेबांकडे वळले. "बाई म्हणतात, वहिनीसाहेबांच्यात काही दोष नाही. दादासाहेबांना तपासलं पाहिजे."

जपमाळ थांबली. आईसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, रागाने नव्हे, एखाद्या वस्तूकडे पाहावं तसं. "पोर लहान आहे. हिला कळलं नाही," त्या शांतपणे म्हणाल्या.

"मला कळलं," मी म्हणाले. "नथिंग राँग म्हणजे..."

"जे कळलं नाही ते बोलू नये, बाळ."

डॉक्टरीणबाई आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहत होत्या. त्यांनी मला विचारलं, तू सांगितलंस का? मी म्हटलं, सांगितलं. मग त्या टेबलाशी बसल्या, कागदावर भराभरा सातआठ ओळी लिहिल्या, खाली सही केली. बाहेर व्हरांड्यात भाऊराव उभे होते. बाईंनी कागद त्यांच्या हातात दिला, त्यांच्याशी काही बोलल्या आणि गाडीत बसून गेल्या. त्या रात्रीच्याच गाडीने त्यांना दुसऱ्या गावी जायचं होतं, असं नंतर कळलं.

त्या दुपारी आईसाहेबांचा डोळा लागल्यावर वहिनीसाहेब माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसल्या. "बाईंनी जे म्हटलं ते तसंच्या तसं म्हण. त्यांच्याच भाषेत." मी म्हटलं. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. मग त्या स्वतः म्हणू लागल्या. 'देअर' म्हणताना त्यांची जीभ अडायची, 'राँग' छान यायचं. "माझ्या भावाला इंग्रजी येतं," त्या म्हणाल्या. "मराठीत सांगितलं तर म्हणतील मनाने रचलं. हे मी मनाने कसं रचणार?" तासभर आम्ही ते घोकलं, ओसरीवर विद्यार्थी घोकतात तसं. शेवटी त्यांना ते पाठ झालं. त्यांचा चेहरा त्या वेळी लहान मुलीसारखा झाला होता.

पाचव्या दिवशी सकाळी तीन पंडित आले. त्यांत अण्णा होते. त्यांना हॉटेलच्या बाजूच्या व्हरांड्यात बसवलं, खाली स्वतंत्र आसनं घालून. दादासाहेब खुर्चीवर, चेहरा हिरवळीकडे. आतल्या बाजूला बांबूच्या काड्यांच्या चिकाच्या पडद्यामागे आईसाहेब, वहिनीसाहेब आणि मी. भाऊरावांनी कोटाच्या खिशातून कागद काढला, उघडला आणि मराठीत अर्थ वाचून दाखवला. बाईंनी तपासलं, आशा नाही, दोष जन्माचा आहे, उपाय चालणार नाही. अगदी सहज वाचलं. मध्ये एकदा शब्द शोधल्यासारखं थांबलेही.

मी पडद्यातून बाहेर आले. कशी आले ते सांगता येत नाही. आईसाहेबांनी मला धरायला हात केला होता एवढं आठवतं. "अण्णा, असं नाही," मी म्हणाले. "बाई असं बोलल्याच नाहीत. उलटं बोलल्या."

 अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वर्गातल्या मुलाने अनपेक्षित शंका काढली की ते असे पाहत. "काय बोलल्या?" मी सांगितलं. दादासाहेबांनी मान वळवली नाही, पण त्यांची मानगूट लाल झाली.

अण्णा भाऊरावांना म्हणाले, "कागद हिच्याकडे द्या. ती वाचील."

मला आजही वाटतं, त्या एका क्षणी अण्णांनी माझ्यासाठी जे करता येईल ते सगळं केलं. भाऊरावांनी हसतमुखाने कागद माझ्या हातात ठेवला. मी तो पाहिला. वेलांटीसारख्या वळणांची एक लांबच लांब दोरी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली. अक्षर अक्षराला जोडलेलं, वर उठलेले काही दांडे, खाली लोंबणारी काही शेपटं. मला छापील अक्षरंच येत होती. एवढी वर्षं मी जे इंग्रजी शिकले होते, त्यातलं एकही ओळखीचं तोंड त्या कागदावर नव्हतं. मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या. एक 'टी' सापडला. मी कागद उलटून पाहिला. 

"वाच ना, बाळ," भाऊराव म्हणाले.

"येत नाही," मी म्हणाले.

"मग डॉक्टरीणबाईंनाच विचारावं," अण्णा म्हणाले.

"त्या गेल्या, शास्त्रीबुवा. आणि आमच्या घरातल्या बाईमाणसाची चर्चा आणखी किती तोंडांनी व्हावी?" हे आईसाहेब पडद्यातून बोलल्या. बाकीचे दोन पंडित खाली पाहू लागले. एकाने घसा साफ केला आणि दौत पुढे ओढली. त्यांच्या सह्या झाल्या. मग व्यवस्थेचा कागद अण्णांपुढे आला. त्यांनी तो दोनदा वाचला. मी त्यांच्या डाव्या हाताला उभी होते. त्यांनी माझ्याकडे न पाहता सही केली.

मी पुरचुंडी आणायला आत गेले तर वहिनीसाहेब माझ्या परकराची घडी करत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "तू काय करणार? तू तर बाहेर गेलीस. मला तेवढंही जमलं नसतं." मग हळूच ते इंग्रजी वाक्य म्हटलं. "बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

"मग भावाला भेटले की झालं," त्या म्हणाल्या, आणि गाठ मारून पुरचुंडी माझ्या हातात दिली.

 परतीच्या इक्क्यात मैदागिन आल्यावर अण्णा म्हणाले, "प्रश्न असा होता की वांझ असली तर. मी त्या 'तर'वर सही केली. ती वांझ आहे असं मी कुठेही लिहिलेलं नाही."  ते मला समजावत नव्हतेच. घरी आल्यावर त्यांनी तेच आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "त्या पोरीला न्यायशास्त्र येतं का?" मग पुष्कळ दिवस आई अण्णांशी कामापुरतंच बोलत होती. पुढच्या आठवड्यात मडमबाई आल्या तेव्हा आई स्वतः ओसरीवर आली, पदर सावरून, आणि मला म्हणाली, "यांना सांग, हिला हाताने लिहिलेलं वाचायला शिकवा." तीन महिन्यांत मला ते वळण वाचता येऊ लागलं. इतकं सोपं होतं ते. अक्षरं तीच, फक्त एकमेकांचे हात धरलेली. त्या कागदावर डॉक्टरीणबाईंनी नेमकं काय लिहिलं होतं, तेवढं मात्र मला कधीच कळलं नाही.

दोनेक वर्षांनी त्या भागातून यात्रेकरू घेऊन येणारे एक उपाध्ये आमच्याकडे जेवायला होते. अण्णांनी त्या जहागिरीची चौकशी केली. उपाध्ये म्हणाले, दादासाहेबांचं दुसरं लग्न थाटात झालं, अजून पाळणा हलला नाही, पण नवस चालू आहेत. "थोरलीचं मात्र वाईट झालं. डोक्यावर परिणाम झालाय. मागच्या चौकात एकटीच असते. तिचा भाऊ आला होता भेटायला. त्याला म्हणे दारातच डॉक्टरिणीच्या कागदाचं मराठी भाषांतर दाखवलं, व्यवस्था दाखवली. बहीण समोर आली तर ती काहीतरी इंग्रजी बरळायला लागली. खानदानी घरातली बाई, इंग्रजीचा गंध नाही, आणि एकच एक इंग्रजी बोलत सुटते. स्वतःलाच 'ती' म्हणते म्हणे, म्हणून भाऊ घाबरून निघून गेला. आता येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना तेच ऐकवते, म्हणून तिला बाहेर आणत नाहीत."

अण्णांचा हात पानावरच राहिला. वाढता वाढता आई थांबली. "ती वेडी नाही," ती उपाध्यांना म्हणाली. परपुरुषाशी जेवणाच्या पंगतीत असं तोंड वर करून बोलताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. "कुणीतरी जाऊन त्यांना सांगायला हवं."

"कोण जाणार, वहिनी?" उपाध्ये म्हणाले. "आणि कुणाला सांगणार?"

अण्णा पानावरून उठले. त्या दिवशी त्यांनी पाठ घेतला नाही. महिनाभराने त्यांनी वहिनीसाहेबांच्या भावाला एक पत्र लिहिलं, फार विचार करून, फार सभ्य. मी ते पाहिलं होतं. पत्त्यात त्यांना फक्त गावाचं नाव माहीत होतं. उत्तर आलं नाही.

पुढे माझं लग्न होऊन मी दक्षिणेत आले. सासरच्या गावाहून ती जहागीर एका दिवसाच्या प्रवासावर होती, अर्धा रेल्वेने, अर्धा बैलगाडीने. पहिली काही वर्षं मला घराबाहेर एकटीने पाऊल टाकता येत नव्हतं. मग मुलं झाली. मग सासूबाईंचं आजारपण. एकदा, थोरला मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा, मी यजमानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू कोण त्यांची? आणि गेलीस तर तुला आत घेतील का?" ते खोटं नव्हतं. गाडीच्या वेळा मला पाठ होत्या. सकाळची गाडी घेतली तर दिवस मावळायच्या आत पोचता आलं असतं.

मी गेले नाही. तिशी गेली, चाळिशी गेली. पुढे जहागिऱ्याच राहिल्या नाहीत. वहिनीसाहेब कधी गेल्या ते मला कुणी कळवलं नाही, आणि कळवण्याचं कारणही नव्हतं. त्या जे बोलत होत्या त्याचा अर्थ सांगू शकेल असं माणूस एका दिवसाच्या अंतरावर राहत होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं.